कार्बनचे अणू सहसंयुज बंधानेच का जोडले जातात?

(वरिष्ठ प्राथमिक वर्गांच्या विज्ञानशिक्षकांसाठी)

मिठाचा पाठ वर्गात बहुधा निर्विघ्न पार पडतो. सोडिअमच्या अणूच्या बाह्यतम कक्षेत एक इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या बाह्यतम कक्षेत सात. सोडिअमने एक द्यावा, क्लोरीनने तो घ्यावा, दोघांवर विरुद्ध विद्युतप्रभार यावेत आणि त्या प्रभारांच्या आकर्षणाने दोघे एकत्र राहावेत. मुलांस हे चटकन पटते. अडचण येते ती पुढच्या तासाला. कार्बनच्या बाह्यतम कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात; तो ते देत नाही, नवे चार घेतही नाही, तर शेजारच्या अणूबरोबर इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतो, असे आपण सांगतो. तोच एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "गुरुजी, पण तो चार देऊन का टाकत नाही?"

या प्रश्नास आपल्यापैकी बहुतेक जण एकच ठरावीक उत्तर देतात : "त्याला आठ इलेक्ट्रॉन पूर्ण करावयाचे असतात म्हणून." उत्तर ऐकून विद्यार्थी खाली बसतो, परंतु त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यास मिळालेले नसते. कार्बनने चार इलेक्ट्रॉन घेतले तरी आठ पूर्ण होतातच. चार देऊन टाकले तर आतील कक्षेतील दोन उरतात, आणि तीही हेलिअमसारखी पूर्ण रचनाच होय. म्हणजे आठाच्या नियमाने पाहिले तर तिन्ही मार्ग सारखेच मोकळे आहेत. मग कार्बन तिसऱ्याच मार्गाने का जातो, हे त्या नियमातून कळत नाही. विद्यार्थ्याचा प्रश्न बिनचूक होता. अपुरे होते ते आपले उत्तर.

प्रस्तुत पाठाचा हेतू हे अपुरेपण दूर करणे हा आहे. यातील सर्व आकडे मुलांस सांगावयाचे नाहीत. परंतु जे आपण सांगतो त्याच्या मागे काय आहे हे शिक्षकास ठाऊक असले, म्हणजे पुढे माध्यमिक शाळेत पुसून टाकावे लागेल असे काही त्याच्या तोंडून वर्गात जात नाही.

अणूची रचना

कार्बनच्या अणूच्या केंद्रकात सहा प्रोटॉन असतात. त्यांच्या धनप्रभाराने सहा इलेक्ट्रॉन बांधलेले असतात : दोन आतील कक्षेत आणि चार बाहेरील कक्षेत. अणू लहान आहे. बाहेरचे चार इलेक्ट्रॉन केंद्रकापासून फार दूर नसतात आणि आतील दोघांचा आडोसाही तोकडाच पडतो. त्यामुळे केंद्रकाची पकड त्यांच्यावर चांगलीच घट्ट असते. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

पहिला मार्ग : चार इलेक्ट्रॉन देणे

अणूपासून इलेक्ट्रॉन वेगळा करावयाचा म्हणजे ऊर्जा खर्च करावी लागते. हा खर्च एका मोलमागे किलोजूलमध्ये मोजतात. कार्बनचा एक मोल म्हणजे १२ ग्रॅम कार्बन. सुट्या अणूंच्या रूपातील १२ ग्रॅम कार्बनमधून प्रत्येक अणूचा पहिला इलेक्ट्रॉन काढावयास १,०८६ किलोजूल, दुसरा काढावयास २,३५३, तिसरा काढावयास ४,६२० आणि चौथा काढावयास ६,२२३ किलोजूल ऊर्जा लागते. प्रत्येक पुढचा आकडा मागच्यापेक्षा मोठा आहे. कारण एक इलेक्ट्रॉन गेला की अणू धनप्रभारित होतो आणि उरलेल्यांस अधिकच घट्ट धरून ठेवतो. चौघांची बेरीज १४,२८२ किलोजूल होते.

केवळ आकड्यावरून याची कल्पना येणार नाही. एवढ्या उष्णतेने सुमारे ४५ लिटर थंड पाणी उकळीपर्यंत तापेल. तोच १२ ग्रॅम कोळसा संपूर्ण जाळला तर मिळणारी उष्णता जेमतेम ३९४ किलोजूल असते; म्हणजे हा खर्च तिच्या सुमारे छत्तीसपट आहे. सोडिअमचा एक इलेक्ट्रॉन काढावयास मात्र ४९६ किलोजूल पुरतात.

येथे एक गैरसमजही दूर करावा. सोडिअम आपला इलेक्ट्रॉन देण्यास "उत्सुक" असतो असे आपण म्हणतो. ते खरे नाही. त्यासाठी वरील ४९६ किलोजूल मोजावेच लागतात. क्लोरीनने तो इलेक्ट्रॉन स्वीकारला म्हणजे ३४९ किलोजूल परत मिळतात, तरीही १४७ किलोजूलांची तूट राहते. ही तूट भरून निघते ती असंख्य धन व ऋण आयन मिठाच्या स्फटिकात एकमेकांशेजारी रचले जातात तेव्हा; त्या रचनेत मोलमागे सुमारे ७८७ किलोजूल ऊर्जा बाहेर पडते. म्हणजे मीठ तयार होते ते देण्याघेण्याच्या हौसेमुळे नव्हे, तर एकूण जमाखर्चात ऊर्जा शिल्लक पडते म्हणून.

कार्बनच्या बाबतीत खर्चाची बाजूच इतकी मोठी आहे की तो भरून निघत नाही. शिवाय चार इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन हा अत्यंत लहान आणि चौपट प्रभाराचा आयन होईल. असा आयन क्षणभर निर्माण झाला असे मानले, तरी तो शेजाऱ्याचे इलेक्ट्रॉन तत्काळ आपल्याकडे ओढू लागेल. दोघांच्या मधोमध इलेक्ट्रॉन ओढले जाणे म्हणजेच भागीदारीची सुरुवात होय.

दुसरा मार्ग : चार इलेक्ट्रॉन घेणे

कार्बनच्या सुट्या अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला तर मोलमागे सुमारे १२२ किलोजूल ऊर्जा बाहेर पडते. तेथपर्यंत व्यवहार फायद्याचा आहे. परंतु आता अणू ऋणप्रभारित झाला. दुसरा इलेक्ट्रॉन जवळ येऊ लागताच तो दूर लोटला जातो आणि त्यास आत आणण्यासाठी ऊर्जा खर्चावी लागते. तिसऱ्या आणि चौथ्याच्या वेळी हा विरोध आणखी वाढतो. सहा प्रोटॉनांच्या केंद्रकाने दहा इलेक्ट्रॉन सांभाळावयाचे, हा भार त्यास पेलत नाही. चार इलेक्ट्रॉन अधिक घेतलेला कार्बनचा आयन सुटा, स्थिर असा राहत नाही.

जाणकार शिक्षक येथे कॅल्शिअम कार्बाइडचे उदाहरण पुढे करतील. पाणी घातले की ज्यापासून ॲसिटिलीन वायू निघतो, तो हा पदार्थ. यात कार्बन ऋणप्रभारित असतो हे खरे. परंतु तेथेही कार्बनचे दोन अणू एकमेकांशी तिहेरी सहसंयुज बंधाने जखडलेले असतात आणि त्या जोडीने मिळून दोनच इलेक्ट्रॉन अधिक घेतलेले असतात. आयनिक म्हणविणाऱ्या पदार्थातही कार्बनने भागीदारी सोडलेली नाही.

तिसरा मार्ग : इलेक्ट्रॉनांची भागीदारी

ज्यांच्याकडे एकेकच बैल आहे असे दोन शेतकरी सावड करतात. दोघांचे बैल मिळून एक जोडी होते आणि त्या जोडीने दोघांचीही शेते नांगरली जातात. बैल कोणी कोणास दिला नाही, कोणी कोणाचा घेतला नाही. तरी दोघांस जोडीचा उपयोग झाला. सहसंयुज बंधात प्रत्येक अणू एकेक इलेक्ट्रॉन पुढे करतो आणि होणारी जोडी दोघांचीही गणली जाते. आपल्या मुलांस हा दृष्टान्त सहज कळेल.

परंतु दृष्टान्त कोठे संपतो हेही शिक्षकाने ध्यानात ठेवावे. शेतकऱ्यास गरज असते, समज असते. अणूस यातले काहीच नसते. तेथे असते ते केवळ विद्युत आकर्षण व प्रतिकर्षण, आणि इलेक्ट्रॉनांच्या वर्तनाचे नियम. दोन अणू जवळ आले म्हणजे मधल्या जागेतील इलेक्ट्रॉनांस एकाऐवजी दोन धनप्रभारित केंद्रके आपल्याकडे ओढतात. त्यामुळे त्या इलेक्ट्रॉनांची आणि पर्यायाने सगळ्या रचनेची ऊर्जा कमी होते. अणू फारच जवळ आले तर केंद्रके एकमेकांस दूर लोटतात. आकर्षण व प्रतिकर्षण यांचा जेथे तोल साधतो, त्या अंतरावर अणू स्थिरावतात. हिऱ्यामध्ये कार्बनच्या दोन शेजारी अणूंतील हे अंतर ०.१५४ नॅनोमीटर आहे. उतारावरून सोडलेला दगड खाचेत जाऊन थांबतो. त्यास खाचेची आवड असते म्हणून नव्हे, तर तेथे त्याची ऊर्जा सर्वांत कमी असते म्हणून. बंधाचेही तसेच आहे.

आता जमाखर्च पाहू. मिथेन वायूच्या रेणूत एका कार्बनभोवती हायड्रोजनचे चार अणू असतात. सुट्या अणूंपासून हा रेणू बनताना प्रत्येक बंधामागे सरासरी सुमारे ४१५ किलोजूल, म्हणजे चार बंधांमागे सुमारे १,६६० किलोजूल ऊर्जा मोलमागे बाहेर पडते. पहिल्या मार्गात १४,२८२ किलोजूल आधी खर्चावे लागत होते. येथे तसला कोणताही खर्च न करता एवढी ऊर्जा मोकळी होते. कार्बनचा मार्ग कोणता, हे आता निराळे सांगावयास नको.

बंध चारच का, आणि आठ का?

सुट्या कार्बन अणूच्या बाहेरील चार इलेक्ट्रॉनांपैकी दोन आधीच जोडीने असतात आणि दोन एकेकटे असतात. मग बंध दोनच का होत नाहीत? कारण जोडीतील एक इलेक्ट्रॉन अधिक ऊर्जेच्या रिकाम्या जागी नेण्यास मोलमागे सुमारे ४०० किलोजूल लागतात. परंतु त्यामुळे आणखी दोन बंध शक्य होतात आणि त्या दोहोंपासून सुमारे ८३० किलोजूल मिळतात. घातलेले भांडवल दुपटीने वसूल होते.

चाराहून अधिक बंध होत नाहीत याचे कारण कार्बनच्या बाह्य कक्षेत इलेक्ट्रॉनांसाठी चारच दालने आहेत आणि प्रत्येक दालनात फार तर दोन इलेक्ट्रॉन राहू शकतात. चार दालने, प्रत्येकी एक जोडी, एकूण आठ. म्हणजे आठ हे अणूचे ध्येय नसून चार बंध झाल्याचा तो हिशेब आहे. हायड्रोजनचे काम दोहोंवर भागते. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन गणले जातात. म्हणून आठाचा नियम मुलांस अवश्य सांगावा, परंतु "लक्षात ठेवण्याची सोय" म्हणून. कारण म्हणून नव्हे.

थोडा इतिहास

कार्बनची संयुजा चार आहे आणि त्याचे अणू एकमेकांस जोडून साखळ्या करतात, हे जर्मनीचे केकुले आणि स्कॉटलंडचे कूपर यांनी १८५८ साली स्वतंत्रपणे मांडले. हे चार बंध एका पातळीत नसून चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात, हे १८७४ साली व्हांट हॉफ व ल बेल यांनी दाखविले. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी लावला तो १८९७ साली. बंध म्हणजे दोन अणूंनी मिळून बाळगलेली इलेक्ट्रॉनांची जोडी, हा विचार अमेरिकेतील गिल्बर्ट ल्युइस यांनी १९१६ साली प्रसिद्ध केला. या बंधप्रकारास आजचे इंग्रजी नाव १९१९ साली लँगम्यूर यांनी दिले. अशा जोडीमुळे ऊर्जा कमी का होते, याचे गणित हायड्रोजनच्या रेणूसाठी हाइटलर व लंडन यांनी १९२७ साली मांडले आणि कार्बनचे चारही बंध सारखे कसे, हे १९३१ साली लायनस पॉलिंग यांनी उलगडले.

फळ्यावर आपण दोन अणूंमध्ये जी लहानशी रेघ ओढतो, तिच्या मागे एवढा इतिहास आहे. कार्बनला चार बंध असतात हे ठाऊक झाल्यापासून बंध म्हणजे काय हे कळेपर्यंत ५८ वर्षे लोटली. तेव्हा "का?" असे विचारणाऱ्या मुलाचा प्रश्न क्षुल्लक समजू नये.

या बंधाचे फळ

कार्बनचा अणू लहान असल्यामुळे त्याचे परस्परांतील बंध बळकट होतात. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ३४६ किलोजूल लागतात. त्याच गटातील सिलिकॉनचा तसा बंध याहून बराच दुबळा असतो. म्हणून कार्बनच्या लांब साखळ्या, फांद्या व कडी टिकून राहतात. साखर, तेल, कापूस, लाकूड, रॉकेल, आपल्या शरीरातील प्रथिने या सर्वांचा सांगाडा कार्बनच्या सहसंयुज बंधांचाच आहे.

सहसंयुज बंध दुबळे असतात, कारण मेण लवकर वितळते, असे एक चुकीचे विधान पुष्कळदा कानी येते. मेण वितळताना अणूंमधील बंध तुटत नाहीत. एका रेणूची दुसऱ्या रेणूवरील सैल पकड तेवढी सुटते. हिऱ्यात मात्र प्रत्येक कार्बन चार शेजाऱ्यांशी बांधलेला असून सबंध खडाच एक अखंड जाळे असतो. तेथील कठीणपणा हे सहसंयुज बंधाचेच बळ होय. पेन्सिलीतील ग्राफाइटमध्ये प्रत्येक कार्बन तीनच शेजाऱ्यांशी जोडलेला असतो. चौथा इलेक्ट्रॉन सबंध थरभर मोकळा वावरतो, म्हणून ग्राफाइटमधून वीज वाहते. आणि थरांची आपसांतील पकड सैल असल्यामुळे ते कागदावर उमटते.

वर्गात करावयाची कामे

१. ज्वारीच्या धाटातील भेंड आणि बाभळीचे काटे यांच्या बैलगाड्या मुले करतातच. त्याच साहित्यातून मिथेनचा रेणू करवून घ्यावा. भेंडाचा एक मोठा तुकडा कार्बन, चार लहान तुकडे हायड्रोजन, काटे हे बंध. तीन काटे तिवईच्या पायांसारखे खाली पसरावेत व चौथा सरळ वर उभा करावा. कोणतेही तीन तुकडे खाली टेकवले तरी आकृती तशीच दिसते, हे मुलांस स्वतः पाहू द्यावे. फळ्यावरील फुलीसारखी आकृती सपाट असते; प्रत्यक्ष रेणू तसा नसतो आणि त्याच्या दोन बंधांतील कोन ९० नव्हे, तर सुमारे १०९.५ अंशांचा असतो, हे येथेच समजते.

२. विजेरीचे तीन सेल, एक लहान तांबडा एलईडी दिवा आणि दोन्ही टोके तासलेल्या दोन पेन्सिली घेऊन मंडल जोडावे. दिव्याचा लांब पाय सेलच्या धन टोकाकडे असावा. पेन्सिलींची शिसे एका पेल्यातील मिठाच्या पाण्यात बुडवावीत. दिवा मंद उजळतो. दुसऱ्या पेल्यातील साखरेच्या पाण्यात तो उजळत नाही. मिठाचे आयन पाण्यात सुटे होऊन वीज वाहून नेतात. साखरेचे रेणू अखंड व प्रभाररहित राहतात. विहिरीच्या पाण्यात मुळातच क्षार असल्याने प्रयोग फसण्याचा संभव आहे. म्हणून बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी वापरावे. पेन्सिली एकमेकींस टेकू देऊ नयेत, अन्यथा दिवा जळेल. प्रयोग थोडाच वेळ, मोकळ्या हवेत करावा. घरातील विजेची जोडणी या कामी कदापि घेऊ नये.

३. लोखंडी चमच्यात चिमूटभर साखर घेऊन शिक्षकाने स्वतः ती तापवावी. ती वितळते, तांबूस होते आणि शेवटी काळा कोळसा उरतो. शुभ्र साखरेत दडलेला कार्बन असा दृष्टीस पडतो. मीठ तसेच तापविले तर तडतडते, परंतु पांढरेच राहते.

फळ्यावर लिहावयाचा सारांश

कार्बनला चार इलेक्ट्रॉन देणे फार महाग पडते. चार घेणे त्यास पेलत नाही. भागीदारीत मात्र इलेक्ट्रॉनांच्या जोडीस दोन केंद्रकांचे आकर्षण लाभते व ऊर्जा कमी होते. म्हणून कार्बन सहसंयुज बंध करतो.

स्वाध्याय

१. चार इलेक्ट्रॉन देऊनही कार्बनची रचना हेलिअमसारखी पूर्ण होते. मग तो तसे का करत नाही?
२. मेण मऊ आणि हिरा कठीण. दोहोंत बंध मात्र सहसंयुजच. हे कसे?
३. "अणूस आठ इलेक्ट्रॉन हवे असतात" हे वाक्य, "हवे" हा शब्द न वापरता, पुन्हा लिहा.

यांतील तिसरा प्रश्न मुलांस देण्यापूर्वी आपण स्वतः एकदा सोडवून पाहावा, अशी शिक्षकबंधुभगिनींस विनंती आहे. "हवे" हा शब्द सोडला की कारण शोधावेच लागते. आणि कारण शोधण्याची सवय लावणे हेच विज्ञानशिक्षणाचे खरे काम होय.